चेरीचे झाड आणि सहा वर्षांची मुलगी

फेब्रुवारी उजाडला, की अमेरिकेतल्या बालवर्गांच्या भिंतींवर दोन चेहरे दिसू लागतात. एक पांढऱ्या केसांचा, ओठ घट्ट मिटलेला; दुसरा दाढीवाला, उंच काळ्या टोपीचा. पहिला जॉर्ज वॉशिंग्टन, दुसरा अब्राहम लिंकन. वॉशिंग्टनचा जन्म २२ फेब्रुवारी १७३२ चा, लिंकनचा १२ फेब्रुवारी १८०९ चा. महिन्याचा तिसरा सोमवार सुटीचा. सरकारदरबारी या सुटीचे नाव अजूनही 'वॉशिंग्टनचा जन्मदिवस' असेच आहे. पण १९७१ पासून ती ठरावीक तारखेऐवजी सोमवारी येऊ लागली आणि लोकांनी, त्यातही दुकानदारांनी, तिला 'प्रेसिडेंट्स डे' करून टाकले. गाद्या आणि मोटारी यांचे सेल या दिवसांत लागतात. आम्हा शिक्षकांना मात्र त्याच्या आधीच्या आठवड्यात पाच-सहा वर्षांच्या मुलांना राष्ट्राध्यक्ष म्हणजे काय, हे समजावून द्यायचे असते.

न्यू जर्सीतल्या एका सरकारी शाळेच्या बालवर्गात १९९४ पासून मी हे काम करते आहे. ज्यांना 'काल' आणि 'मागच्या वर्षी' यांतला फरक नीटसा कळत नाही, त्यांना अडीचशे वर्षांपूर्वीचा माणूस कसा दाखवायचा? मी नाण्यांपासून सुरुवात करते. एका सेंटच्या नाण्यावर १९०९ पासून लिंकन आहे, पंचवीस सेंटच्या नाण्यावर १९३२ पासून वॉशिंग्टन. नवे सेंट पाडणे २०२५ साली थांबले, पण माझ्या पत्र्याच्या डब्यात जुने भरपूर आहेत. नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल आडवी घासली, की चेहरा वर येतो. मग कागदाच्या टोप्या होतात, कापसाच्या दाढ्या होतात, केसांत डिंक जातो. आणि मग येते गोष्ट.

गोष्टी दोन्ही ठरलेल्या. लहानग्या वॉशिंग्टनने वडिलांचे लाडके चेरीचे झाड कुऱ्हाडीने तोडले आणि विचारल्यावर खरे सांगून टाकले. तरुण लिंकन दुकानात काम करताना एका गिऱ्हाइकाकडून चुकून थोडे पैसे जास्त घेऊन बसला आणि ते परत द्यायला काही मैल पायी गेला. राष्ट्राध्यक्ष दोन, धडा एकच : खरे वागावे, खरे बोलावे.

आता गंमत पाहा. खरे बोलण्याची अमेरिकेतली ही सर्वांत प्रसिद्ध गोष्ट बहुधा रचलेली आहे. रचणाऱ्याचे नाव मेसन लॉक वीम्स. हे गृहस्थ धर्मोपदेशक होते आणि फिलाडेल्फियाच्या मॅथ्यू केरी या प्रकाशकासाठी गावोगाव फिरून पुस्तके विकत. डिसेंबर १७९९ मध्ये वॉशिंग्टन वारले आणि पुढच्याच वर्षी वीम्स यांचे वॉशिंग्टनचरित्र बाजारात आले. त्या पहिल्या आवृत्तीत चेरीचे झाड नव्हते. ते उगवले १८०६ सालच्या पाचव्या आवृत्तीत. ही हकिकत आपल्याला वॉशिंग्टनच्या नात्यातल्या एका वृद्ध बाईने सांगितली, असे वीम्स लिहितात. बाईचे नाव मात्र देत नाहीत. वॉशिंग्टनचे वडील तो अकरा वर्षांचा असताना, १७४३ सालीच वारले होते. म्हणजे गोष्टीतल्या दोन पात्रांपैकी कुणालाही विचारायची सोय उरली नव्हती. पुढे मॅकगफी यांच्या शालेय वाचनमालेत गोष्ट शिरली आणि पिढ्यान् पिढ्या मुलांनी ती पाठ केली.

वीम्स यांच्या त्या पुस्तकाच्या वाचकांत एक होता लहानगा लिंकन. राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घ्यायला निघालेला असताना, २१ फेब्रुवारी १८६१ रोजी, आमच्या न्यू जर्सीच्या राजधानीत, ट्रेंटनला, त्याने सिनेटपुढे भाषण केले आणि बालपणी हे चरित्र वाचल्याची आठवण सांगितली. भिंतीवरचा दुसरा चेहरा असा पहिल्याचा वाचक होता.

मुले विचारतातच, "हे खरंच झालं होतं का?" दरवर्षी कुणीतरी विचारते. मी सांगते, "ही गोष्ट आहे. वॉशिंग्टन खरा होता, झाडाचं मात्र कुणाला ठाऊक नाही. एका माणसाने ती पुस्तकात लिहिली, आणि लोकांना आवडली म्हणून राहिली." आजवर एकाही मुलाचा यामुळे हिरमोड झालेला मी पाहिलेला नाही. सिंह बोलत नाही हे ठाऊक असूनही सिंहाची गोष्ट ऐकणारी ही मुले. गोष्ट आणि घडलेली हकिकत हे दोन वेगळे डबे आहेत, हे त्यांना मोठ्यांपेक्षा लवकर समजते. मोठी माणसेच एका डब्यातले दुसऱ्यात भरतात.

आपल्याकडेही हे आहेच. टिळकांनी शेंगा खाल्ल्या नाहीत म्हणून टरफले उचलायला नकार दिला. गोखल्यांनी दुसऱ्याच्या मदतीने सोडवलेल्या गणिताचे बक्षीस रडत रडत परत केले. आपल्यापैकी कितीजणांनी या गोष्टी भाषणस्पर्धेत दणदणीत आवाजात सांगितल्या असतील! लोकमान्य आणि नामदार यांचे पुढचे सारे राजकारण त्या दोन प्रसंगांत बीजरूपाने दाखवायची हौस आपल्यालाही होती. वीम्स यांनी जे केले ते काही परक्या मुलखातले नव्हे.

पण मग अशा गोष्टींचा उपयोग होतो का? याचे एक उत्तर २०१४ साली मिळाले. कँग ली, व्हिक्टोरिया टलवार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन ते सात वर्षांच्या अडीचशेहून अधिक मुलांवर एक प्रयोग केला. मुलाच्या पाठीमागे एक खेळणे ठेवायचे, त्याच्या आवाजावरून ते ओळखायला सांगायचे आणि 'वळून बघू नकोस हं' असे बजावून थोडा वेळ खोलीबाहेर जायचे. मुले अर्थातच वळून बघतात. मग आत येऊन एक गोष्ट वाचून दाखवायची आणि विचारायचे, "बघितलंस का?" काहींना 'लांडगा आला रे आला' ऐकवली, काहींना नाक लांब होणाऱ्या पिनोकिओची, काहींना वॉशिंग्टनची, आणि काहींना सत्याशी संबंध नसलेली ससा-कासवाची.

लांडग्याने मुलाला खाल्ले, तरी ऐकणारी मुले ससा-कासव ऐकलेल्या मुलांइतकीच खोटे बोलली. नाक लांब झाले, तरी तेच. फक्त चेरीच्या झाडाची गोष्ट ऐकलेली मुले अधिक प्रमाणात खरे सांगून मोकळी झाली. पुढे संशोधकांनी त्या गोष्टीचा शेवट बदलला : जॉर्ज खोटे बोलतो आणि त्याचे परिणाम भोगतो. गोष्टीची सारी किमया नाहीशी झाली!

हे वाचल्यापासून मी गोष्टीकडे वेगळ्या नजरेने बघते. तिच्यात कुऱ्हाड चालवणारा मुलगा आहेच, पण खरी कामगिरी बापाची आहे. लाडके झाड गेलेले आहे. मुलगा 'मी केलं' म्हणतो. आणि बाप त्याला जवळ घेतो. हजार झाडांपेक्षा मला तुझे खरे बोलणे मोलाचे आहे, अशा अर्थाचे काहीतरी म्हणतो. पाच वर्षांच्या मुलाच्या कानात राहते ते हे : खरे सांगितले तर आपल्याला जवळ घेतले जाते.

आता आपल्या घरांतले दृश्य आठवा. फुलदाणी फुटलेली आहे. आई कमरेवर हात ठेवून उभी. "खरं सांग, मी काही करणार नाही." मूल एकदा फुलदाणीकडे, एकदा आईकडे बघते. त्या 'काही करणार नाही'वर विश्वास ठेवून ते खरे सांगते आणि पाठीत धपाटा बसतो. पुण्यात माझ्या लहानपणी वाड्यातल्या प्रत्येक बिऱ्हाडात हे वाक्य ऐकू येई आणि त्यामागोमाग धपाट्याचा आवाजही. इथे धपाट्याची जागा 'आता आठवडाभर टीव्ही बंद'ने घेतली आहे, एवढेच. मूल दोन धडे एकदम शिकते. खरे सांगितले की मार बसतो, हा पहिला. दुसरा त्याहून वाईट : मोठी माणसे 'मारणार नाही' म्हणतात तेव्हा खोटे बोलत असतात.

टलवार आणि ली यांनीच पश्चिम आफ्रिकेतल्या दोन शाळांमधल्या तीन-चार वर्षांच्या मुलांची तुलना केली होती. ती २०११ साली प्रसिद्ध झाली. एका शाळेत छडी आणि चापट्या रोजच्या होत्या, दुसरीत नव्हत्या. मार खाणारी मुले अधिक खोटे बोलत होतीच, शिवाय ती अधिक सफाईने बोलत होती. पुढचा प्रश्न आला तरी थाप सांभाळून नेत होती. छडीने सत्यवादी घडत नाहीत, सराईत घडतात.

खऱ्या आयुष्यातला चेरीच्या झाडाचा प्रसंग हवा असेल, तर तो गांधीजींच्या आत्मचरित्रात आहे. पंधरा वर्षांच्या मोहनने भावाचे कर्ज फेडण्यासाठी त्याच्याच कड्यातले थोडे सोने चोरले. मनाला टोचणी लागली, तेव्हा चिठ्ठी लिहून आजारी वडिलांच्या हातात दिली. वडिलांनी ती वाचली, त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहिले, आणि त्यांनी ती फाडून टाकली. रागाचा एक शब्दही नाही. ते अश्रू आपल्यासाठी अहिंसेचा पाठ होते, असे त्या मुलाने मोठेपणी लिहिले.

एवढे झाले मुलांचे. राष्ट्राध्यक्षांचे काय? या पदावरचा माणूस खरे बोलतो, असे पाच वर्षांच्या मुलाला सांगण्यात एक धोका असतो; घरी टीव्ही असतो. जानेवारी १९९८ मध्ये क्लिंटन यांनी कॅमेऱ्यासमोर बोट रोखून एक गोष्ट साफ नाकारली आणि ऑगस्टमध्ये कबूल केली. सप्टेंबरात शाळा भरली, तेव्हा प्रकरण काय आहे हे मुलांना ठाऊक नव्हते, पण राष्ट्राध्यक्ष खोटे बोलले एवढे त्यांना पक्के कळले होते. एका मुलाने मला विचारले, "त्यांनी सॉरी म्हटलं का?" मी म्हटले, "हो, पण फार उशिरा." त्याला ते पटले, 'उशिरा सॉरी' हा प्रकार त्याच्या ओळखीचा असावा. पुढे सिनेटने क्लिंटन यांना महाभियोगातून दोषमुक्त केले ती तारीख १२ फेब्रुवारी १९९९. माझ्या वर्गात त्या दिवशी लिंकनच्या कापसाच्या दाढ्या वाळत पडल्या होत्या.

प्रामाणिकपणा हा काही एकदा मारला की पुसला न जाणारा शिक्का नव्हे. ग्रोव्हर क्लीव्हलँडचेच पाहा. १८८४ च्या निवडणुकीत त्याच्यावर विवाहबाह्य अपत्याचा आरोप झाला, तेव्हा घाबरलेल्या कार्यकर्त्यांना त्याने खरे तेच सांगा म्हणून कळवले, आणि तो निवडूनही आला. हाच क्लीव्हलँड दुसऱ्या कारकिर्दीत, जुलै १८९३ मध्ये, एका खासगी नौकेवर गुपचूप तोंडातल्या गाठीची शस्त्रक्रिया करवून घेतो आणि देशाला दातदुखी सांगतो. बातमी फोडणाऱ्या पत्रकारालाच खोटे पाडले गेले. शस्त्रक्रियेत सहभागी असलेल्या एका डॉक्टरांनी सत्य छापले ते १९१७ साली. लिंकनचेही कौतुक करायचे तर ते मैलभर चालण्यापेक्षा दुसऱ्या एका चालीसाठी करावे. न्यू सेलममधले त्याचे दुकान बुडाले, भागीदार वारला, आणि डोक्यावर आलेले कर्ज त्याने वर्षानुवर्षे फेडले. त्या कर्जाला तो थट्टेने 'राष्ट्रीय कर्ज' म्हणे. हा प्रामाणिकपणा एका वाक्यात संपणारा नव्हता. दर महिन्याला नव्याने करावा लागणारा होता.

या सगळ्यात सर्वांत अवघड प्रश्न मला एका आईने विचारला. साल २०१६. त्या जानेवारीत इथे एका चित्रपुस्तकावरून गदारोळ झाला होता. वॉशिंग्टनच्या वाढदिवसाचा केक करणारा त्याचा गुलाम आचारी हर्क्युलिस आणि त्याची लहान मुलगी, दोघेही हसतमुख, अशी त्यात चित्रे होती. टीका इतकी झाली, की प्रकाशकाने काही दिवसांतच पुस्तक मागे घेतले. फेब्रुवारीत माझ्या वर्गातल्या एका कृष्णवर्णीय मुलाची आई भेटायला आली. आवाज शांत होता. म्हणाली, "झाडाबद्दल खरं सांगणाऱ्या मुलाची गोष्ट तुम्ही सांगता, ते चांगलंच आहे. पण त्याच माणसाच्या घरी माझ्या मुलासारखी माणसं काय करत होती, तेही सांगाल ना?"

हा प्रश्न मला टाळता येण्यासारखा नव्हता. ज्या पुण्यात मी वाढले, तिथल्या महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली आणि ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली. पाच वर्षांच्या मुलांना समजेल असे काय सांगता येईल, ते शोधायला मी बसले.

वॉशिंग्टन मरण पावले, तेव्हा माउंट व्हर्ननच्या त्यांच्या मळ्यावर ३१७ गुलाम होते. त्यांपैकी १२३ त्यांच्या स्वतःच्या मालकीचे. राष्ट्राध्यक्ष असताना ते फिलाडेल्फियात राहत, आणि पेनसिल्व्हेनियाचा कायदा असा होता, की बाहेरून आलेल्या मालकाचा गुलाम सहा महिने तिथे राहिला तर तो मुक्त होण्याचा हक्क मागू शके. म्हणून मुदत भरायच्या आत गुलामांना राज्याबाहेर नेऊन आणायचे, असे ठरले. एप्रिल १७९१ मध्ये आपल्या चिटणिसाला लिहिलेल्या पत्रात वॉशिंग्टन यांनी बजावले, की हे अशा बहाण्याने करावे, की ते गुलाम आणि जनता दोघेही फसतील. ज्याच्या तोंडी आपण 'मला खोटे बोलता येत नाही' हे वाक्य घातले, त्याच्या हातचे हे पत्र आहे. मृत्युपत्रात मात्र त्यांनी आपल्या मालकीचे सर्व गुलाम पत्नीच्या पश्चात मुक्त करावेत असे लिहिले. पत्नीने वाट न पाहता १ जानेवारी १८०१ रोजी त्यांना मुक्त केले. तिच्या पहिल्या पतीच्या इस्टेटीतले गुलाम तसेच राहिले, आणि वारसांत वाटले गेले.

आणि हर्क्युलिस? तो केक करत बसला नाही. १७९७ साली, २२ फेब्रुवारीला, म्हणजे वॉशिंग्टन यांच्या पासष्टाव्या वाढदिवशी, तो माउंट व्हर्ननहून पळून गेला. मागे मुले राहिली. त्यानंतर दोन महिन्यांनी फ्रान्सचा एक तरुण राजपुत्र लुई फिलिप, जो पुढे राजा झाला, तिथे पाहुणा म्हणून आला. त्याच्या रोजनिशीत एक नोंद आहे. त्याचा नोकर हर्क्युलिसच्या लहान मुलीला म्हणाला, की वडील आता कधी दिसणार नाहीत, तुला फार वाईट वाटत असेल. ती म्हणाली, नाही, मला फार आनंद झाला आहे, कारण ते आता मोकळे आहेत.

मुलीचे वय सहा.

वीम्स यांच्या गोष्टीतला जॉर्जही साधारण सहाच वर्षांचा आहे. त्या मुलापुढे हात पसरलेला बाप होता. हिचा बाप गेलेला, ती दुसऱ्याच्या मालकीची, आणि ती हे बोलली ते मालकाच्याच घरी आलेल्या पाहुण्यांच्या माणसापुढे. 'हो, वाईट वाटतं' एवढे म्हणून तिला सुटता आले असते. कुणी तिला सत्याचे धडे दिले असतील असे वाटत नाही. तरी ती खरे बोलली.

म्हणून आता माझ्या वर्गात चेरीच्या झाडानंतर तीही येते. पत्राचा आणि कायद्याचा भाग मी मोठ्यांसाठी ठेवते. मुलांना एवढेच सांगते : "वॉशिंग्टनच्या घरी पुष्कळ माणसं काम करायची. त्यांना पगार नव्हता, आणि सोडून जायची परवानगी नव्हती." 'हे बरोबर नाही' असा गलका लगेच होतो. केकचा तुकडा कुणाला मोठा मिळाला यावरून रोज भांडणाऱ्यांना न्याय शिकवावा लागत नाही. मरणाआधी त्यांना सोडून द्यावे असे वॉशिंग्टनने लिहून ठेवले, हे सांगितल्यावर एका मुलीने विचारले होते, "आधीच का नाही सोडलं?" मी म्हटले, "हा प्रश्न मोठी माणसंसुद्धा विचारतात." कुणा पालकाला वाटते, की यामुळे राष्ट्रपुरुषाबद्दलचा आदर कमी होईल. मला तसा अनुभव नाही. टोप्या तितक्याच उत्साहाने होतात. लष्कर हाताशी असताना सत्ता सोडून घरी गेलेला सेनापती मुलांना आवडतो; माणसे बांधून ठेवणारा आवडत नाही. दोन्ही एकच माणूस होता, हे ऐकून ती थोडी गप्प होतात, आणि मग डबा खायला बसतात.

शेवटी मी मुलांना त्या लहान मुलीचे चित्र काढायला सांगते. तिचे खरे चित्र कुठेच नाही, त्यामुळे प्रत्येकाची मुलगी वेगळी असते. कुणी तिला दोन वेण्या घालते, कुणी स्वतःचाच लाल कोट. बहुतेकांच्या चित्रांत वडील परत आलेले असतात; दोघे एकमेकांचे हात धरून उभे. मी ते खोडायला सांगत नाही. फक्त खाली मुलांच्याच शब्दांत एक ओळ लिहून घेते : 'असं झालं नाही. असं व्हायला हवं होतं.'